बायलंडची देणेकरी भुते

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरमधल्या बायलंड मठात, इ.स. १४०० च्या सुमारास, एका भिक्षूने मठातले एक जुने हस्तलिखित हाती घेतले. त्यात सिसेरोचे काही लेखन होते, ख्रिस्ती धर्मतत्त्वांची एक प्रश्नोत्तरी होती आणि अधूनमधून काही पाने कोरी राहिली होती. लिहिण्याचे कातडे त्या काळी महाग, तेव्हा ती मोकळी जागा वाया घालवणे बरे नव्हे. भिक्षूने ती भरून काढली. संतचरित्रे, प्रार्थना, मठाचे जमाखर्च असे काहीही त्याला लिहिता आले असते. त्याने लिहिल्या त्या आसपासच्या गावांतल्या भुतांच्या बारा गोष्टी. स्वतःचे नाव मात्र त्याने कुठेही नोंदवले नाही. ते हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्याच बारा गोष्टी या पुस्तकातून मराठीत येत आहेत.

त्या प्रथम छापून आल्या १९२२ साली, 'इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात. संपादक होते एम. आर. जेम्स. हे गृहस्थ तेव्हा ईटनच्या शाळेचे प्रोव्होस्ट होते, मध्ययुगीन हस्तलिखितांच्या सूची करण्यात त्यांनी हयात घालवली होती, आणि नाताळच्या रात्री मित्रांना वाचून दाखवण्यासाठी लिहिलेल्या त्यांच्या भूतकथांनी इंग्रजी भयकथेला वळण लावले होते. जेम्स यांनी लॅटिन पाठ दिला, टिपा दिल्या आणि या गोष्टींचे डेन्मार्ककडच्या लोककथांशी असलेले साम्यही दाखवून दिले. इंग्रजी भाषांतर त्यानंतर दोन वर्षांनी यॉर्कशरच्याच एका पुरातत्त्वविषयक नियतकालिकात आले. गंमत अशी की जेम्स यांच्या स्वतःच्या कथांतले भूत बहुधा दुष्ट असते आणि आपण कोण, कशासाठी आलो याचा खुलासा करत बसत नाही. त्यांच्या हाती लागलेली ही यॉर्कशरची भुते अगदी उलट्या स्वभावाची. ती बोलायलाच आलेली असतात. आपल्याला कुणी विचारत नाही, हीच त्यांची तक्रार.

म्हणून दचकण्याच्या अपेक्षेने पुस्तक उघडणाऱ्या वाचकाला आधीच सांगून ठेवलेले बरे. या गोष्टींत अंगावर काटा आणणाऱ्या जागा आहेत, पण बायलंडची भुते मुळात देणेकरी आहेत. एकाने चांदीचे चमचे लपवून ठेवले आहेत. एक जण अवघ्या सहा पेन्सांच्या प्रकरणात बहिष्कृत होऊन मेला आहे. एकीने नवऱ्यावरच्या रागापोटी जमिनीची कागदपत्रे भावाच्या हवाली केली आहेत. मरणाने हिशेब मिटलेला नाही आणि मेलेल्याला तो आपल्या हाताने मिटवता येत नाही. म्हणून तो रात्री वाटेवर येतो आणि एखाद्या जित्या माणसाला गाठतो. या गोष्टी भयकथा आहेतच. पण त्याहीपेक्षा ते एका मुलखाचे न फिटलेल्या देण्याघेण्याचे दप्तर आहे, आणि तसेच ते वाचावे, असे माझे म्हणणे आहे.

आधी मठाविषयी थोडे. बायलंडचा जन्मच फिरस्तीत झाला. फर्नेस मठातून ११३५ च्या सुमारास निघालेल्या भिक्षूंना कॅल्डर येथे स्कॉटिश धाडीमुळे टिकता आले नाही. पुढे हूड, जुने बायलंड, स्टॉकिंग असे मुक्काम झाले. जुन्या बायलंडला तर रिव्होचा बडा मठ इतका जवळ होता की एका मठाच्या घंटा दुसऱ्यात ऐकू जात आणि प्रार्थनेच्या वेळांचा घोळ होई. शेवटी ११७७ मध्ये हॅम्बल्टन टेकड्यांच्या पायथ्याशी मठ कायमचा स्थिरावला. तोवर तो सिस्टर्शियन संघात आला होता. या संघाचे ब्रीद असे की भिक्षूने वस्तीपासून दूर राहावे, अंगमेहनत करावी, थाटमाट टाळावा. प्रत्यक्षात मठाच्या जमिनी वाढल्या, मेंढ्यांचे कळप आणि लोकरीचा व्यापार वाढला, आणि चर्चच्या पश्चिम भिंतीत सुमारे आठ मीटर व्यासाची गोल खिडकी बसली. तिची खालची कमान आजही उभी आहे. हिरव्या-पिवळ्या फरशीचे तुकडेही जागेवर आहेत. १३२२ मध्ये रॉबर्ट ब्रूसच्या स्कॉटिश फौजेने जवळच्याच चढणीवर इंग्रजांचा पराभव केला आणि दुसऱ्या एडवर्ड राजाला या भागातून पळ काढावा लागला. १३४९ मध्ये यॉर्कशरवर प्लेगची महामारी आली. आपला भिक्षू त्यानंतरच्या दोनेक पिढ्यांतला. मठाचा दरवाजा जगापासून तोडणारा असला तरी त्यातून गाडीवान, नांगरे, कुळे आणि गावोगावचे धर्मगुरू ये-जा करत होते. गोष्टी आत आल्या त्या त्यांच्या तोंडून. 'जुनी माणसे सांगतात' असे भिक्षू स्वतःच नोंदवतो.

एक गोष्ट जवळून पाहू. स्नोबॉल नावाचा शिंपी रात्री गिलिंगहून अँपलफर्थला घोड्यावरून घरी चालला होता. ओढ्यात बदके पंख फडफडवत असल्यासारखा आवाज आला. मग एक काळा पक्षी त्याच्या तोंडाभोवती घिरट्या घालू लागला आणि मरायला टेकल्यासारखा खाली पडला. शिंपी उचलायला उतरला तर पक्ष्याच्या कुशीतून ठिणग्या उडाल्या. पुढे त्याने शिंप्याला घोड्यावरून खाली पाडले. शिंप्याने तलवार उपसून दमेपर्यंत वार केले, पण आपण पीटच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, ढिगावर घाव घालत आहोत असेच त्याला वाटत राहिले. शेवटी ते साखळी बांधलेल्या कुत्र्याच्या रूपात आले, तेव्हा शिंप्याने देवाचे नाव घेऊन त्याला बोलते केले. त्याच्या उघड्या तोंडातून आतले जळते पोट दिसत होते आणि शब्द जिभेवर न होता आतड्यांत तयार होत होते.

आणि एवढ्या भयंकर रूपात येऊन त्याने मागितले काय? धर्मगुरूकडून बहिष्कार उठवून आण आणि माझ्यासाठी १८० मिस्सा (चर्चमधल्या उपासना) सांगायची व्यवस्था कर. शिंपी कित्येक दिवस आजारी पडला. मग यॉर्कला गेला, पाच शिलिंग मोजले, पापक्षमेचा लेखी कागद मिळवला आणि तो मृताच्या थडग्यात पुरला. मिस्सांची सोय केली. शेजाऱ्याला सोबत यायची गळ घातली. त्याने हात वर केले. ठरल्या रात्री शिंपी एकटाच गेला, जमिनीवर वर्तुळ आखून पवित्र वस्तू मांडल्या आणि वाट पाहत उभा राहिला. भूत आधी बकरीच्या रूपात आले, वर्तुळाला तीन फेऱ्या घातल्या, मग उंच, खंगलेल्या माणसाच्या रूपात उभे राहिले आणि म्हणाले की येत्या सोमवारी आपली सुटका होणार. कचेरीतले काम मार्गी लागावे, तसा हा शेवट आहे. अर्ज झाला, फी भरली, कागद मिळाला, तारीख लागली.

या कारभारामागे त्या काळच्या चर्चची पक्की चौकट होती. मेलेल्याचा आत्मा शुद्धिस्थानात आपल्या पापांची भरपाई करतो, आणि जित्यांच्या मिस्सा, दान व प्रार्थना यांनी त्याचा काळ कमी होतो, अशी शिकवण होती. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकाला हे वेगळे सांगायला नको. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा दिवस तिकडे आजही पाळला जातो आणि गेलेल्याच्या नावाने मिस्सा सांगितली जाते. पण शिकवणीप्रमाणे शुद्धिस्थानात जातो तो आत्मा. देह थडग्यातच राहायला हवा. बायलंडच्या गोष्टींत देहच उठतो. किलबर्नचा रॉबर्ट रात्री दफनभूमीतून बाहेर पडतो, गावची कुत्री भुंकत त्याच्या मागे लागतात, तो दारा-खिडक्यांपाशी कान लावून उभा राहतो. गावचे तरुण त्याला धरायला जातात आणि पाहताच पळतात. दोघेच टिकतात; रॉबर्ट फॉक्स्टन नावाचा गडी त्याला चर्चच्या कुंपणाशी दाबून धरतो आणि दुसऱ्याला धर्मगुरूला बोलवायला पिटाळतो. आणखी एका गोष्टीत एक बाई भुताला पाठीवर घालून घरात आणते आणि पाहणाऱ्याला दिसते की तिचे हात त्याच्या सडल्यासारख्या मांसात रुतले आहेत. धर्मशास्त्राला हे मानवणारे नव्हते. भिक्षूने तरीही जसे ऐकले तसे लिहिले. त्याच्या प्रामाणिकपणाची ही खूण आहे.

ही दोन मते एकमेकांवर कशी चढली, हे पाहायला दोनशे वर्षे मागे जावे लागते, पण फार लांब नाही. बायलंडपासून दोन-तीन मैलांवर न्यूबर्गचा मठ होता. तिथल्या विल्यम या इतिहासकाराने ११९० च्या दशकात, रिव्होच्या मठाधिपतीच्या सांगण्यावरून इंग्लंडचा इतिहास लिहिला आणि त्यात थडग्यातून उठणाऱ्या प्रेतांच्या काही हकिकती घातल्या. तिथला उपाय रोकडा: प्रेत उकरा, तोडा, जाळा. त्यातल्या बकिंगहॅमशरच्या एका प्रकरणात मात्र लिंकनच्या बिशप ह्यू यांना ही विटंबना पटली नाही. त्यांनी पापक्षमेचे पत्र लिहून प्रेताच्या छातीवर ठेवायला लावले, आणि प्रेत पुन्हा उठले नाही. विल्यमच्या काळात जो अपवाद होता तो स्नोबॉलच्या काळापर्यंत रीत बनला होता. कुऱ्हाडीची जागा कागदाने घेतली होती.

जुनी रीत लोकांच्या हातून लगेच सुटली असे मात्र नाही. यॉर्कशरमधल्या वॉरम पर्सी या ओसाड पडलेल्या गावात ११ व्या ते १४ व्या शतकांतली माणसांची १३७ हाडे सापडली होती. ती किमान दहा जणांची. त्यांवर सुरीचे घाव, मोडतोड आणि जळाल्याच्या खुणा आहेत. त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा संशोधकांनी दुष्काळातल्या नरमांसभक्षणाचीही शक्यता तपासली; पण मृतांनी उठून येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त, हेच स्पष्टीकरण त्यांना अधिक जुळणारे वाटले. या हाडांच्या शेजारी ठेवल्यावर आपल्या भिक्षूच्या गोष्टी निव्वळ करमणूक उरत नाहीत.

खुद्द बायलंडमध्येही एकदा कागद चालला नाही. केर्बी गावचा माजी धर्मगुरू जेम्स टँकर्ले याला मठाच्या सभागृहासमोर पुरले होते, म्हणजे मानाच्या जागी. तो रात्री उठून केर्बीला जाई, आणि एका रात्री त्याने आपल्या जुन्या ठेवलेल्या बाईच्या डोळ्यावर फुंकर घालून तो फोडला. मग मठाधिपती आणि भिक्षू यांनी शवपेटी उकरून काढली आणि रॉजर वेनमन नावाच्या माणसाला ती गॉरमायर तळ्यापर्यंत न्यायला लावली. पेटी पाण्यात टाकताना ती ओढून आणणारे बैल भीतीने जवळजवळ बुडालेच. ना मिस्सा, ना पापक्षमा. आपल्यातल्याच एका धर्मगुरूच्या बाबतीत मठाने सरळ तळे गाठले. हे लिहिताना भिक्षूचाही हात कचरला असावा: आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले तसे लिहितो आहोत, त्यात आपल्याला दोष न लागो, असे तो देवाला विनवतो. गॉरमायर आजही कड्याखाली झाडीत पडून आहे.

संग्रहातल्या दोन गोष्टींचे मोल मला सर्वांत मोठे वाटते. पहिली क्लीव्हलँडच्या रिचर्ड राउनट्रीची. गरोदर बायकोला घरी ठेवून तो स्पेनमधल्या संत याकोबाच्या यात्रेला निघाला. वाटेत एका रात्री यात्रेकरू रानात मुक्कामाला होते आणि पहाऱ्याची पाळी त्याची होती. हमरस्त्यावरून मृतांचा ताफा जाताना त्याला दिसला: कुणी घोड्यावर, कुणी बैलावर, कुणी मेंढीवर. माणूस मेला की त्याच्या गोठ्यातले एक चांगले जनावर चर्चला द्यावे लागे. ज्याने जे जनावर दिले होते त्यावर तो स्वार होता. ताफ्याच्या शेवटी एका पायमोज्यात गुंडाळलेले काहीतरी लहानसे जमिनीवरून गडगडत येत होते. रिचर्डने त्याला दटावून विचारले, तेव्हा उत्तर आले की मी तुझाच मुलगा, अपुऱ्या दिवसांचा, बाप्तिस्म्याविना आणि नावाविना पुरलेला. रिचर्डने अंगातला सदरा काढून त्याच्यावर घातला, त्याला नाव दिले, बाप्तिस्मा दिला. मूल उठून आनंदाने पायांवर उभे राहिले.

गोष्ट इथे संपत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. रिचर्डने पुरावा म्हणून पायमोजा ठेवून घेतला. घरी परतल्यावर शेजाऱ्यांना जेवण दिले आणि सर्वांदेखत बायकोकडे आपले पायमोजे मागितले. एकच सापडला. त्याने दुसरा काढून समोर धरला, तेव्हा सुइणींनी खरे काय ते कबूल केले. मग भिक्षू एक कायदेशीर अडचण मांडतो: बाप स्वतःच मुलाचा धर्मपिता ठरला, तर चर्चच्या नियमाने नवरा-बायकोचे नाते कसे टिकावे? त्याच्या समजुतीप्रमाणे दोघांना वेगळे केले गेले, आणि ते देवाला आवडले नसावे असेही तो म्हणतो. मठातला, ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला माणूस नियमाच्या विरुद्ध एका संसाराची बाजू घेतो, ती या एका वाक्यात.

दुसरी गोष्ट अँपलफर्थच्या थोरल्या अॅडम द लोंडच्या बहिणीची. नवऱ्याशी भांडण झाले म्हणून तिने घर-परसू आणि शेताचे कागद भावाला दिले. ती मेल्यावर भावाने तिच्या नवऱ्याला घराबाहेर काढले. ती रात्री गावात फिरू लागली. विल्यम ट्रोअरने तिला धरले, तेव्हा तिने कागद परत देण्याचा निरोप भावाला धाडला. भाऊ म्हणाला, विश्वास बसत नाही. दुसऱ्या रात्री विल्यमने तिला उचलून थेट भावाच्या खोलीत नेले. मेलेली बहीण समोर उभी राहिली, तरी तो म्हणाला की तू कायमची फिरत राहिलीस तरी मी जमीन सोडणार नाही. तिने कण्हत सांगितले की तू मरेपर्यंत मला विसावा नाही, आणि तू मेलास की माझ्या जागी तू फिरशील. तिचा उजवा हात काळा पडून लोंबत होता. भांडणांत खोट्या शपथा घेताना तो पुढे केलेला असे. या बाईची सुटका होत नाही. तिच्या धाकाने गाव हैराण झाले म्हणून तिला दुसरीकडे धाडले जाते, एवढेच. पुढे धाकट्या अॅडमने खऱ्या वारसाला थोडीफार भरपाई दिली, असे भिक्षू ऐकीव म्हणून नोंदवतो. बांधावरून आणि सातबाऱ्यावरून भावाबहिणींत काय काय होते हे आपल्या वाचकाला ठाऊक आहे. भूत डोळ्यांसमोर उभे राहूनही माणूस जमीन सोडत नाही, हे लिहायला सहाशे वर्षांपूर्वीचा हा भिक्षू कचरला नाही.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारभाऱ्यांनी बायलंड बंद केले. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मिस्सा सांगण्याकरता दिलेल्या देणग्याही सरकारजमा झाल्या. धर्मसुधारणेनंतरच्या नव्या चर्चने शुद्धिस्थान नाकारले. ज्या खिडकीवर मृतांचे अर्ज स्वीकारले जात ती खिडकीच बंद झाली. 'विकारविलसित' या आगरकरांच्या १८८३ मधल्या भाषांतरापासून मराठीला ओळखीचे असलेले हॅम्लेटच्या बापाचे भूत या बदलानंतरचे आहे. तेही न फिटलेल्या पापांसाठी आगीत जळते आहे. पण मुलाकडे ते मिस्सा मागत नाही, सूड मागते. पुढे मठांच्या जमिनी घेणाऱ्या घराण्यांना शाप भोवतो, अशी समजूत पसरली. हेन्री स्पेलमन यांनी त्यावर लिहिलेला ग्रंथ १६९८ मध्ये निघाला. मग गॉथिक कादंबऱ्या आल्या, आणि पडक्या मठांत टोपडे घातलेले बिनचेहऱ्याचे भिक्षू फिरू लागले. न्यूस्टेड हा जुना मठ बायरन घराण्याकडे गेला होता. तिथल्या काळ्या झग्यातल्या भिक्षूला कवी बायरनने आपल्या 'डॉन जुआन'मध्ये जागा दिली. पर्यटकाला आज इंग्लंडच्या भग्न मठांत ऐकवले जाते ते बहुधा याच जातीचे भूत. त्याला गाव नाही, घर नाही, कुणाचे देणे नाही. बायलंड नांदते होते तेव्हाची भुते शेजारी होती. मठ ओसाड पडल्यावर ती देखावा झाली.

मराठी वाचकाला समंध, मुंजा, हडळ यांची ओळख असते, आणि ठेव्यावर बसलेल्या समंधाला चांदीच्या चमच्यांवर अडकलेला न्यूबर्गचा भिक्षू जवळचा वाटेलही. साम्य पाहावे, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्याकडे देणे फेडण्याचा भार मुख्यतः वंशजांवर असतो. श्राद्ध करायचे ते मुलानातवंडांनी. बायलंडचे भूत अनेकदा परक्याला धरते. सहा पेन्सांसाठी बहिष्कृत झालेला एटनचा माणूस एका वाटसरूच्या मागे ८० मैल जातो. रिव्होच्या मजुराचे भूत पाय मोडलेल्या घोड्याच्या धन्याची घेवड्याच्या दाण्यांची पिशवी ओढ्यापर्यंत वाहून नेते आणि त्या मदतीच्या बदल्यात आपली सुटका मागते. वाटेत भेटलेल्या अनोळखी मेलेल्याचेही आपण काही लागतो, हा या गोष्टींचा सर्वांत मोठा विचार आहे.

गोष्टींचा क्रम हस्तलिखितातलाच ठेवला आहे. काही गोष्टी चार-पाच वाक्यांत संपतात. त्या फुगवलेल्या नाहीत. भिक्षूने जिथे नाव दिले नाही तिथे आपणही दिलेले नाही. नव्याने वाचणाऱ्याने अकरावी आणि बारावी गोष्ट आधी वाचावी, मग पहिलीपासून सुरुवात करावी. आणि प्रत्येक गोष्टीत भूत कसे दिसले यापेक्षा त्याने काय मागितले, आणि ते त्याला कुणी दिले, याकडे लक्ष ठेवावे.